पॉल लांजव्हँ: पाणबुडी शोधणारा आवाज लोखंडातल्या भेगेपर्यंत कसा पोहोचला?

मी मूळचा मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा. कामाने अल्ट्रासोनिक टेस्टिंग करणारा टेक्निशियन, लेव्हल टू. म्हणजे वेल्डिंगचे जोड, शाफ्ट, जाड प्लेटा यांच्या आत भेग आहे का, असेल तर किती खोल आणि किती लांब, हे न कापता, न फोडता शोधायचं. गावी गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, तू नेमकं काय करतोस रे? मी सांगतो, डॉक्टर पोटावर जेल लावून सोनोग्राफी करतात ना, तसंच, फक्त माझा पेशंट लोखंडाचा असतो.

माझ्या हातात जो काड्यापेटीएवढा प्रोब असतो, त्याच्या मुळाशी एका माणसाचं काम आहे. त्यांचं नाव पॉल लांजव्हँ. फ्रान्सचे हे शास्त्रज्ञ लोखंड तपासायला निघालेच नव्हते. ते समुद्रात पाणबुडी शोधत होते. आज त्यांची गोष्ट सांगतो, आणि त्यांच्यामुळे मला माझ्याच एका चुकीचा अर्थ कसा कळला तेही सांगतो.

टिचकी मारून बघणं

आवाजावरून भेग ओळखणं ही काही नवी विद्या नाही. माझी आजी बाजारातून मडकं घेताना टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. लहानपणी आम्ही मुंबईला जायला कसाऱ्याला गाडी पकडायचो. तिथे लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जाणारा माणूस दिसायचा. तोही तेच करत होता. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं चाक बसक्या आवाजात बोलतं.

पण टिचकीने एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. कुठे, किती खोल, किती लांब, हे कळत नाही. बारीक भेग तर कळतच नाही. त्यासाठी आवाज खूप बारीक लहरींचा लागतो, तो एका दिशेने सोडता यावा लागतो, आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकणारं काहीतरी लागतं. या तीनही गोष्टी पहिल्यांदा एकत्र जमवल्या त्या लांजव्हँ यांनी.

साध्या घरातला मुलगा आणि त्याचा मास्तर

पॉल लांजव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ चा, पॅरिसमधला. घरची परिस्थिती बेताची. वडील बांधकामाची मापं घेऊन हिशोब तपासण्याचं काम करायचे. १८८८ मध्ये, सोळाव्या वर्षी, पॉल पॅरिस शहराने चालवलेल्या औद्योगिक भौतिकी व रसायन शाळेत दाखल झाले. नावातच औद्योगिक आहे. कारखान्यांना हाताने काम करू शकणारे, पण डोक्यानेही विचार करणारे लोक मिळावेत म्हणून ही संस्था १८८२ मध्ये काढलेली होती. मी स्वतः आश्रमशाळेतून आयटीआयला गेलेला, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातलं हे पान मला पहिल्यांदा जवळचं वाटलं.

त्या शाळेत प्रयोगशाळा बघायला एक तरुण शिक्षक होते, पिएर क्युरी. मारी क्युरी यांच्याशी त्यांचं लग्न व्हायला अजून काही वर्षं होती. पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० मध्ये एक गंमत शोधून काढली होती. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर वीज तयार होते. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं, म्हणजे स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. यालाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात.

अवघड वाटतंय? तुमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आठवा. बॅटरी नाही, वायर नाही, तरी खटका दाबला की ठिणगी पडते. आत एक छोटा स्फटिक असतो, त्यावर आतला हातोडा आपटतो आणि वीज तयार होते. क्युरी बंधूंचा शोध आपण रोज चहा करताना वापरतो.

क्युरी यांनी या हुशार विद्यार्थ्याला पुढे शिकायला प्रोत्साहन दिलं. लांजव्हँ शिकवण्या करून खर्च भागवत शिकले, इकोल नॉर्मालच्या प्रवेश परीक्षेत पहिले आले, मग इंग्लंडला केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत वर्षभर राहिले. तिथे त्यांची रदरफर्ड यांच्याशी कायमची मैत्री झाली. १९०२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९०५ मध्ये त्यांनी पदार्थांच्या चुंबकत्वाचा सिद्धांत मांडला आणि १९०८ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीचं समीकरण, जे आजही त्यांच्याच नावाने शिकवलं जातं. आइन्स्टाइन यांचं तर मत होतं की आपण सापेक्षतेचा सिद्धांत मांडला नसता, तर तो लांजव्हँ यांनी मांडला असता.

मधल्या काळात, १९०६ मध्ये, पिएर क्युरी पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेले. पुढे १९११ मध्ये मारी क्युरी आणि लांजव्हँ यांच्या जवळिकीवरून वर्तमानपत्रांनी मोठा गदारोळ केला. लांजव्हँ विवाहित होते, घरात चार मुलं होती. प्रकरण इतकं तापलं की एका संपादकाशी त्यांचं पिस्तुलाचं द्वंद्वयुद्ध ठरलं. दोघेही मैदानात उतरले, पण गोळी कोणीच झाडली नाही.

समुद्रात आवाज सोडला

१९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडालं. धुक्यात, अंधारात, पाण्याखाली काय आहे ते आधीच कसं कळेल, हा प्रश्न त्यानंतर अनेकांच्या डोक्यात होता. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हिमनगाची जागा जर्मन पाणबुड्यांनी घेतली. कॉन्स्टंटिन शिलोव्स्की या रशियन इंजिनिअरने १९१५ मध्ये फ्रेंच सरकारकडे एक कल्पना पाठवली: पाण्यात माणसाला ऐकू न येणारा, खूप उंच पट्टीचा आवाज सोडायचा आणि पाणबुडीवर आपटून येणारा प्रतिध्वनी पकडायचा. कल्पना तपासायला सरकारने ती लांजव्हँ यांच्याकडे दिली.

उंच पट्टीचाच आवाज का? इथे थोडं गणित करू. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. सेकंदाला ४०,००० कंपनं असतील तर एका लहरीची लांबी पावणेचार सेंटीमीटर होते. लहर जितकी आखूड, तितका आवाज टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेने जातो. साध्या आवाजाची लहर पाण्यात कित्येक फूट लांब असते, ती चहूकडे पसरते, आणि मग प्रतिध्वनी कुठून आला ते सांगता येत नाही.

पहिले प्रयोग पॅरिसमध्येच, सेन नदीत झाले. आवाज सोडायला अभ्रकाचा पातळ पापुद्रा आणि ऐकायला कार्बनचा मायक्रोफोन. थोड्या अंतरावर धरलेल्या लोखंडी प्लेटवरून प्रतिध्वनी मिळालाही. पण काम भरवशाचं होईना. खास करून मायक्रोफोन समुद्रात फार त्रास देई.

तेव्हा, १९१७ मध्ये, लांजव्हँ यांना आपल्या जुन्या मास्तरांचा क्वार्ट्झ आठवला. दाब दिला की वीज, वीज दिली की हालचाल. म्हणजे बोलायला आणि ऐकायला एकच वस्तू! पिएर क्युरी जाऊन तोपर्यंत अकरा वर्षं झाली होती.

आता अडचण अशी की प्रत्येक स्फटिक आपल्या जाडीप्रमाणे एका ठरावीक पट्टीत जोरात थरथरतो. ४०,००० कंपनांसाठी क्वार्ट्झची प्लेट जवळजवळ सात सेंटीमीटर जाड लागली असती. एवढे मोठे निर्दोष स्फटिक आणायचे कुठून? आणि तेवढ्या जाड क्वार्ट्झला हलवायला लागणारी वीजही प्रचंड. लांजव्हँ यांनी युक्ती केली. काही मिलिमीटर जाडीचे क्वार्ट्झचे तुकडे फरशीसारखे शेजारी शेजारी लावले आणि दोन्ही बाजूंनी पोलादाच्या जाड प्लेटा चिकटवल्या. स्फटिक पातळ, पण पोलादासकट सगळी चवड एकच जाड वस्तू असल्यासारखी थरथरू लागली. सँडविचच म्हणा ना! या रचनेला आजही लांजव्हँ ट्रान्सड्यूसर म्हणतात. सोबतीला सैन्याच्या बिनतारी विभागाने तयार केलेले व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर होते, त्यामुळे क्षीण प्रतिध्वनीही ऐकू येऊ लागला.

१९१८ च्या सुरुवातीला तूलाँ बंदरात पाणबुडीवरून स्पष्ट प्रतिध्वनी मिळाले, एक किलोमीटरहून जास्त अंतरावरून. आवाजाच्या झोतात आलेले लहान मासे मरतात आणि हात घातला तर कळ येते, हेही तिथेच लक्षात आलं. यंत्र युद्धनौकांवर बसण्याआधीच युद्ध संपलं. पण समुद्राची खोली मोजायला ते लवकरच बोटींवर बसलं, आणि सोनारचा पाया पडला.

पाण्यातून पोलादात

मग धातूत भेग शोधायला लोकांनी एवढी वर्षं का लावली? उत्तर वेळेत आहे.

१३०० मीटरवरच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी जाऊन परत यायला पावणेदोन सेकंद लागतात. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतो. ५० मिलिमीटर जाड प्लेटच्या तळाशी आपटून तो परत येतो १७ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सतरा भागांत. पाणबुडीच्या मानाने एक लाख पट लवकर. एवढा वेळ मोजणार कसा?

१९२८ मध्ये लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी एका बाजूने आवाज सोडून दुसऱ्या बाजूला किती पोहोचतो ते मोजायची पद्धत सुचवली. मध्ये भेग असेल तर आवाज कमी पोहोचेल. पण दोष किती खोल आहे ते त्यात कळत नव्हतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० मध्ये प्रतिध्वनीच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९४२ मध्ये मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोनाल्ड स्प्राउल यांनी स्वतंत्रपणे तसंच यंत्र बनवलं. आवाजाचा छोटासा ठोका सोडायचा, परत आला की पडद्यावर उंचवटा दिसायचा, आणि दोन उंचवट्यांतल्या अंतरावरून खोली काढायची. आज माझ्या यंत्रातही हेच चालतं. क्वार्ट्झची जागा पीझेडटी नावाच्या सिरॅमिकने घेतली आहे, आणि ४ मेगाहर्ट्झच्या प्रोबमध्ये त्याची चकती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते.

भेग दिसते कशी? भेगेत हवा असते. पोलादातून आलेला आवाज हवेत जवळजवळ शिरतच नाही, सगळाच्या सगळा मागे फिरतो. म्हणून केसाएवढी भेगसुद्धा आरशासारखी चमकते. आणि याच कारणाने प्रोब आणि लोखंड यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज आतच जात नाही. म्हणून आम्ही मध्ये जेल, ग्रीस किंवा पाणी लावतो.

आमच्या भागातलं उदाहरण द्यायचं तर कसारा घाट. तिथे रुळांना ३७ फुटांत एक फूट असा चढ आहे. गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. उतरताना ब्रेक, चढताना ओढ, वळणांवर घासणं, त्यामुळे रुळांची परीक्षा रोजच असते. रेल्वेत रूळ तपासायला ट्रॉलीवर बसवलेले प्रोब रुळावरून ढकलत नेतात, पाण्याची टाकी सोबत असते. त्यात एक प्रोब सरळ खाली बघणारा असतो आणि काही ७० अंशांत तिरके बघणारे, पुढे आणि मागे. तिरके कशाला? ते आता माझ्या चुकीतून सांगतो.

मी दोष नाही असं लिहिलं

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका कारखान्यात दाबाखाली चालणारी मोठी टाकी तयार झाली होती. २० मिलिमीटरच्या प्लेटा, मध्ये व्ही आकाराचा वेल्ड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून दाबाची चाचणी ठरलेली. माझ्या ६० अंशांच्या प्रोबची केबल खराब निघाली. ४५ अंशांचा प्रोब होता. सगळे घाई करत होते. मी कॅलिब्रेशन केलं, सगळा जोड फिरून तपासला, पडद्यावर शांतता. रिपोर्टवर दोष नाही असं लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी आमचे सिनियर आले, ज्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि एवढंच विचारलं की प्रोब कितीचा वापरलास. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या साइटवरून ६० चा प्रोब मागवला आणि रात्री नऊला स्वतः जेल लावून बसले. एका जागी पडद्यावर उंचवटा उभा राहिला. वितीएवढ्या लांबीत वेल्डचं धातू प्लेटच्या कडेला मिळालंच नव्हतं.

हिशोब सरळ होता. प्लेटची कड उभ्या रेषेपासून ३० अंश तिरकी कापलेली. न मिळालेला भागही तसाच तिरका. त्याच्यावर काटकोनात आदळायचं तर आवाज ६० अंशांतच जायला हवा. माझा ४५ अंशांचा आवाज त्या सपाट दोषावर आदळला, पण आरशावरच्या प्रकाशासारखा भलतीकडेच निघून गेला. परत माझ्याकडे आलाच नाही. भेग तिथे होती, पण मी तिला चुकीच्या बाजूने विचारत होतो.

तो भाग खरवडून काढला, नव्याने वेल्ड केला, पुन्हा तपासला. पाण्याच्या चाचणीत टाकी कदाचित पास झालीही असती. आणि मग कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, कामगार शेजारी उभे असताना फाटली असती. माझी सही तेव्हाही त्या कागदावर असती.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. प्रतिध्वनी आला नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की या कोनातून, या पट्टीत, या दिवशी मला काही ऐकू आलं नाही. रिपोर्टमध्ये आता मी कोन, पट्टी आणि कुठला भाग तपासता आला नाही, हे सगळं लिहितो, कोणी घाई केली तरी.

शेवटची वर्षं

लांजव्हँ यांच्याबद्दल मी वाचायला लागलो ते या प्रसंगानंतर, आणि सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते त्यांच्या शेवटच्या वर्षांवर.

हिटलर सत्तेवर आल्यावर ते उघडपणे फॅसिझमविरुद्ध उभे राहिले. जर्मन सैन्याने पॅरिस घेतल्यावर ३० ऑक्टोबर १९४० ला त्यांना अटक झाली. वय ६८. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी निषेधाला रस्त्यावर आले. महिनाभराहून जास्त तुरुंगात ठेवून त्यांना त्र्वा या गावी नजरकैदेत पाठवलं, नोकरीतूनही काढलं. जावई जाक सोलोमोन हेही भौतिकशास्त्रज्ञ. १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. मुलगी एलेन हिला १९४३ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत पाठवलं. ती वाचली. लांजव्हँ स्वतः १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निसटले.

फ्रान्स मुक्त झाल्यावर परत आलेल्या या थकलेल्या माणसाने हातात घेतलेलं मोठं काम शाळांचं होतं. देशाची शिक्षणव्यवस्था सुधारायच्या समितीचे ते अध्यक्ष झाले. अठराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना शिक्षण, आणि हाताच्या कामाला डोक्याच्या कामाइतकाच मान, हा त्या आराखड्याचा गाभा होता. तो १९४७ मध्ये सरकारला सादर झाला, पण तोपर्यंत ते राहिले नव्हते. १९ डिसेंबर १९४६ ला पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. १९४८ मध्ये फ्रान्सने त्यांचे अवशेष सन्मानाने पाँथेऑनमध्ये नेले. आराखडा मात्र पूर्णपणे कधीच अमलात आला नाही.

आमच्याकडे आयटीआयला गेलेल्या पोराकडे लोक अजूनही बारावी झेपली नाही म्हणून गेला अशा नजरेने बघतात. मला वाटतं, त्यांना एकदा वेल्डचा कोन काढायला बसवावं. त्यात त्रिकोणमिती आहे, लहरींचं शास्त्र आहे, आणि शेवटी सही करायची हिंमतही आहे. लांजव्हँ यांना हे माहीत होतं, कारण तेही कामाच्या शाळेतूनच आले होते.

पुढच्या वेळी कसाऱ्याला उतरलात आणि रुळावर पाण्याची टाकी लावलेली ट्रॉली ढकलत जाणारी माणसं दिसली, तर त्यांच्या हातातला तो प्रोब जरा निरखून बघा. पाणबुडी शोधायला निघालेला आवाज आता तुमच्या गाडीच्या आधी घाट उतरून बघतोय.